इनामगावचा केक: उत्खनन-बेकिंग स्पर्धेसाठी थर, खड्डा आणि खापरं

पुरातत्त्वाची थीम म्हटली की पिरॅमिड करायचा मोह होतो. परीक्षक जाणकार असेल तर तो आधी केकची कापलेली बाजू बघणार. त्यासाठी पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव सोयीचं: उत्खननात सापडलेली प्राचीन वस्ती, तीन काळ एकावर एक, आणि प्रत्येक काळाला तिथल्या संस्कृतीचं नाव.

एका थराला मैदा, पिठीसाखर, लोणी प्रत्येकी १०० ग्रॅम, २ अंडी, १ छोटा चमचा बेकिंग पावडर. २० सेंमी चौकोनी टिन, १८० अंश, १८ ते २० मिनिटं. असे चार भाजा. तळाला माळवा (इ.स.पू. १६००–१४००), कस्टर्ड पावडर घालून पिवळट. त्यावर पूर्व जोर्वे (१४००–१०००), चमचाभर कोकोचा. मग उत्तर जोर्वे (१०००–७००), कॉफीचा. सगळ्यात वर काळी माती: २५ ग्रॅम मैद्याऐवजी कोको आणि २ मोठे चमचे दूध, दूध विसरलात तर कापताना चुरा होतो. थरांच्या मध्ये घट्ट गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण), ३ मिलिमीटर. व्हिप्ड क्रीम नको, थर घसरतात.

आता खड्डा, म्हणजे उत्तर जोर्वेच्या लोकांनी जुन्या थरांत खणलेला आणि नंतर भरलेला; बहुतेकांचं इथेच चुकतं. काळा थर ठेवण्याआधी, उत्तर जोर्वेच्या पृष्ठभागावरून छोट्या स्टीलच्या पेल्याने खाली माळव्यापर्यंत कापा. पेला केक जिथे कापणार त्या रेषेवरच बसवा, नाहीतर खड्डा छेदात दिसणारच नाही. त्यात कॉफी केकचा चुरा गनाशने ओलसर करून दाबून भरा, मग काळा थर चढवा. खड्ड्यात जुनं खापर चालतं, खणताना वर आलेलं असू शकतं. पण खालचा थर आधीचा, त्यामुळे खालच्या अखंड थरात नंतरचं खापर दिसलं की गुण गेले. इनामगावला घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुलं सापडली आहेत. ते ताटात आणू नये.

खापरांसाठी मैदा १५० ग्रॅम, लोणी ६०, पिठीसाखर ५०, चमचाभर कोको, लाल जेल रंग, लागेल तसं दूध. बीटचा रस ओव्हनमध्ये तपकिरी पडतो. बेकिंग पावडर नको. फुगून कडा बोथट होतात. ४ मिलिमीटर जाड लाटून, तूप लावलेल्या उपड्या स्टीलच्या वाटीवर बसवा, १६० अंशांवर कडक होईतो भाजा. पूर्ण गार झाल्यावरच वाटी काढा. जोर्वेची भांडी लाल, वर काळी भौमितिक नक्षी. म्हणून वितळलेल्या डार्क चॉकलेटने बारीक ब्रशने समांतर रेघा, जाळी, त्रिकोण काढा. पाण्यातला रंग बिस्किट मऊ करतो. नक्षी सुकली की फडक्यात गुंडाळून लाटण्याने हलकेच फोडा. आधी तुकडे करून रंगवलेत तर प्रत्येकावर वेगळी नक्षी दिसते. आधी रंगवून फोडलंत तर रेघ तुटलेल्या कडेवर थांबते आणि शेजारच्या तुकड्यावर पुढे जाते.

केक दोन तास फ्रीजमध्ये ठेवून, गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने एकाच दमात कापा. दर कापाला सुरी पुसा, नाहीतर काळी माती थेट माळव्यात पोहोचते. खापरं मांडणीच्या वेळीच खोचा, तासाभरात ओल धरतात. शेजारी उत्खननाच्या फोटोत असते तशी मोजपट्टी म्हणून फॉन्डंटची (साखरेच्या मऊ लगद्याची) काळी-पांढरी, एकेक सेंटिमीटरची पट्टी ठेवा.