वाळवंटातून बर्फाळ प्रदेशात राहायला जाताय? या चुका टाळा

वर्षानुवर्षं वाळवंटात काढलेल्या माणसाला पहिला हिवाळा नडतो तो बहुतेकदा जुन्या सवयींमुळे. सैल सुती कपडे, दिवसभर ओढलेले पडदे, रेडिएटरमध्ये साधं पाणी, हवेत ओलावा सोडणारा कूलर. ४५ अंशांत हे सगळं शहाणपणाचं असतं. उणे १५ अंशांत यातलं एकेक उलटतं. म्हणून नवं काय विकत घ्यायचं याची यादी करण्याआधी जुनं काय सोडायचं ते बघा.

आत सुती, वर जाडजूड जॅकेट

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. पाच मिनिटं झपझप चाललं की जॅकेटच्या आत घाम येतो. सुती कापड तो शोषतं आणि धरून ठेवतं. बस थांब्यावर उभं राहिलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. उन्हाळ्यात सुती कापड गारवा देतं ते याच गुणामुळे.

कपडे तीन थरांत घाला. अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, अंगाला बेतशीर बसणारं. त्यावर फ्लीस (मऊ, लव असलेलं कृत्रिम कापड) किंवा पिसं भरलेलं जॅकेट, जे हवा अडकवून ऊब धरतं. सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारं पातळ कवच. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर पहिली काही मिनिटं किंचित गार वाटायला हवं. त्याच क्षणी उबदार वाटत असेल तर थोड्याच वेळात घाम फुटणार. घाम यायच्या आधी चेन उघडा किंवा मधला थर काढा. घाम आल्यावर उघडलात तर गारठाल.

बुटांत याच्या उलट चूक होते. पाय गार पडतात म्हणून एकावर एक मोजे चढवले जातात. बूट घट्ट होतो, रक्ताचा पुरवठा मंदावतो, मोज्यातली हवा दाबली जाते आणि पाय आणखी गार पडतात. जाड लोकरी मोजे घालूनच बूट मापून घ्या. बूट बांधल्यावर पायाची बोटं मोकळी हलली पाहिजेत. हातांसाठी पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त गरम राहतात.

उष्ण शहरातल्या दुकानांतले ‘विंटर’ कपडे तिथल्या हिवाळ्यापुरते असतात. निघताना थर्मल, टोपी आणि एक बरं जॅकेट एवढंच घ्या. बूट आणि बाहेरचं कवच तिथे पोचल्यावर घ्या.

लहान मुलांबाबत एक गोष्ट विसरू नका: फुगीर जॅकेटवरून कार सीटचा पट्टा बांधायचा नाही. धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा आवळा आणि जॅकेट वरून पांघरा.

फक्त तापमानाचा आकडा बघणं

उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. हा वाऱ्यासकटचा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हवामान अंदाजात दोन्ही आकडे दिलेले असतात. बाहेर पडताना वाऱ्याचा धरा.

नाक, कान किंवा बोटं पांढुरकी, मेणासारखी दिसायला लागली आणि तिथली दुखायची जाणीव गेली, तर तो हिमदंश. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, कारण त्याने गोठलेल्या पेशी फाटतात. शेगडी किंवा हीटरसमोर धरायचं नाही. जाणीव गेलेली कातडी भाजली तरी कळत नाही. आत येऊन ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट, पाण्यात बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. पुन्हा गारठ्यात जावं लागणार असेल तर आत्ता ऊब देऊ नका, कारण वितळून परत गोठलेला भाग जास्त खराब होतो.

गाडी आहे तशीच आणणं

इथे सगळ्यात महागडी चूक घडते. वाळवंटात बरेच जण रेडिएटरमध्ये नुसतं पाणी किंवा पाण्याने पातळ झालेलं कूलंट घालून वर्षं काढतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिन ब्लॉकला तडा जायला तेवढं पुरतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. आणि ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ म्हणून निव्वळ ग्लायकॉल भरू नका, ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. निघण्यापूर्वी कूलंट तपासणीच्या मीटरने किती अंशांपर्यंत संरक्षण आहे ते बघून घ्या. जुनं पाणी काढायचं असेल तर पूर्ण निचरा करा. ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी नव्या मिश्रणाला पातळ करतं.

बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच खाल्लेलं असतं, फक्त ते उन्हाळ्यात कळत नाही. शून्य अंशाला तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते, उणे १८ ला निम्म्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला जड करतं. तीन-चार वर्षं वाळवंटात काढलेली बॅटरी असेल तर लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची ताकद तपासणं) करून घ्या, किंवा सरळ बदला. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० च्याही खाली तग धरते. पूर्ण उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठू शकते. कडा फुगलेली, गोठलेली बॅटरी जंप करून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून, गाडी सुरू करू नका, ती फुटू शकते.

गाडी सुरू होत नसेल तर आवाज ऐका. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक होत असेल तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवरचा पांढरा थर. स्टार्टर अगदी जड फिरत असेल तर ऑइल बघा: २०डब्ल्यू-५० सारखं उष्ण हवेचं ऑइल थंडीत मधासारखं होतं. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० वापरा. डिझेल गाडी सुरू होऊन थोड्याच वेळात गचके देत बंद पडली तर बहुधा टाकीत उन्हाळी डिझेल आहे. त्यातलं मेण थिजून फिल्टर तुंबतो. थंड प्रदेशात शिरायच्या आधी टाकी जवळजवळ रिकामी करा आणि तिथलं हिवाळी डिझेल भरा. वाटेत गाडी अडलीच तर फिल्टर बदलून गाडी उबदार जागी नेण्याशिवाय फारसा उपाय उरत नाही.

टायर: उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते; नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही. चारही टायर बदला. इंजिन ज्यांना फिरवतं त्या दोनच चाकांना नवे टायर लावले तर वळणावर बाकीची दोन घसरतात. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआय कमी होते. म्हणजे ४० अंशांना भरलेली हवा उणे १० ला जवळपास ९ पीएसआय कमी दाखवेल. हवा सकाळी, गाडी गार असताना तपासा.

काच धुवायच्या टाकीत साधं पाणी असेल तर ते आधी संपवा आणि उणे ३० चं हिवाळी द्रावण भरा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. काच आतून धुरकट होत असेल तर आतली हवा फिरवण्याचं बटण बंद ठेवा, बाहेरची हवा घ्या आणि हीटरबरोबर एसीही चालू करा. एसी हवेतला ओलावा काढून टाकतो. वाळवंटातून आलेल्यांना हे विचित्र वाटतं, पण चालतं हेच. बर्फात अडकलेली गाडी चालू ठेवून आत बसायची वेळ आली तर आधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

रस्त्यावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. बर्फावर थांबायला दहापट अंतरही लागू शकतं. पुलांवर खालून-वरून गार हवा लागते, म्हणून तिथला रस्ता आधी गोठतो.

घर गरम करताना

वाळवंटात दिवसा पडदे ओढून ऊन बाहेर ठेवलं जातं. इथे उलट करा: उन्हाच्या बाजूचे पडदे दिवसभर उघडे आणि सूर्य मावळताच बंद.

दोन-चार दिवस बाहेर जाताना हीटर बंद करून जाणं ही दुसरी चूक. थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान ठरवणारं बटण) १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नका, नाहीतर पाइप गोठून फुटतात. बाहेरच्या नळाचा रबरी पाइप काढा, आतला कॉक बंद करा आणि नळात उरलेलं पाणी सोडून द्या. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि नळ बारीक धारेने सुरू ठेवा. मुख्य कॉक कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. पाणी अचानक बंद झालं तर नळ उघडा ठेवून, नळाकडून मागे सरकत हेअर ड्रायरने पाइप हळूहळू तापवा. उघड्या ज्योतीने कधीही नाही.

आता ओलाव्याचं. बाहेर उणे १० अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम दोन ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकतं, पण बाष्प असतं तेवढंच. म्हणजे घरातली आर्द्रता १२-१३ टक्क्यांवर येते. नाकातून रक्त, फुटलेले ओठ, दार धरलं की झटका, हे सगळं त्यामुळे. मग कूलरच्या सवयीने ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत बाष्प सोडणारं यंत्र, भरधाव चालवला जातो आणि आठवड्याभरात खिडकीच्या चौकटीत काळी बुरशी दिसते. एक स्वस्त आर्द्रतामापक घ्या आणि ३० ते ४० टक्के राखा. बाहेर उणे २० असेल तर ३० च्याही खाली. काचेवरून पाणी ओघळायला लागलं की ह्युमिडिफायर बंद करा.

कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये वापरायचा नाही. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटलं, तर आत परत जाऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा. हीटरचा धूर सोडणारी भिंतीबाहेरची नळी बर्फाने बुजली आहे का, हे प्रत्येक हिमवर्षावानंतर बघा.

बर्फ काढणं आणि चालणं

बर्फ थांबायची वाट बघत बसू नका. ताजा, भुसभुशीत बर्फ हलका असतो. रात्रभर राहून ओला झालेला त्याच्या कितीतरी पट जड. फावड्याने उचलण्यापेक्षा ढकला. गार हवेत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना केलेले हे कष्ट हृदयावर फार ताण देतात. छाती भरून आली तर तिथेच थांबा. बर्फ वितळवायला टाकलेलं साधं मीठ उणे ९ च्या आसपास निरुपयोगी होतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागतं. मीठ बर्फ काढल्यावर टाका. ढिगावर ओतून उपयोग नाही. फार गारठ्यात वाळू टाका, ती वितळवत नाही पण पकड देते.

चालताना पावलं आखूड, तळवा सपाट, हात खिशाबाहेर.

वाळवंटातल्या दोन सवयी मात्र सोडू नका. गॉगल: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. आणि पाणी पिणं: थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासागणिक पाणी जातच असतं. गाडीत ठेवलेली बाटली मात्र गोठेल, ती बॅगेतच ठेवा.