कोल्हापुरात राहून फ्रेंच शिकवायचं असेल तर

"मॅडम, ए२ झालं. आता क्लास काढू का?" दर जूनमध्ये हा प्रश्न माझ्याकडे येतो. (ए२ म्हणजे फ्रेंचची दुसरी पायरी.) राजारामपुरीत माझी बॅच सुटली की एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि चप्पल घालता घालता विचारते. मी तिला परत आत बसवते, कारण या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. तिला जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

आधी बी२ गाठा

फ्रेंचच्या सहा पायऱ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. पहिल्या चारांची परीक्षा डेल्फ, वरच्या दोघांची दाल्फ. प्रमाणपत्र फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं असतं आणि ते आयुष्यभर चालतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकाला २५ गुण. १०० पैकी ५० मिळाले की पास, पण चारही भागांत किमान ५ हवेत.

ए२ झालेला माणूस बाजारहाट करतो, पत्ता विचारतो, स्वतःबद्दल चार वाक्यं बोलतो. बी२ ला मात्र साधारण २५० शब्दांत आपली बाजू मांडावी लागते, आणि तोंडी परीक्षेत अर्धा तास तयारी करून वीस मिनिटं परीक्षकासमोर ती लढवावी लागते. शिकवणाऱ्याला हीच ताकद लागते. वर्गातली मुलं सारखी "असं का?" विचारतात, आणि तिथं पाठांतर उपयोगी पडत नाही. सी१ झालं तर फारच उत्तम, पण बी२ च्या खाली शिकवायला उभं राहू नका.

परीक्षेसाठी पुण्याच्या आलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत जायचं असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. पहिलाच पेपर ऐकण्याचा असतो. रात्रभर बसमध्ये हॉर्न ऐकून बधिर झालेल्या कानांना तो झेपत नाही. माझी एक हुशार विद्यार्थिनी तिथंच अडकली होती.

पदवी कुठली, ते कुठं शिकवणार यावर ठरतं

घरी किंवा ऑनलाइन क्लास घ्यायचा तर पदवीची सक्ती नाही. पालक डेल्फचं प्रमाणपत्र बघतात, आणि ते त्यांनी बघावंच. शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर पदवीबरोबर बी.एड. करून ठेवा. सीबीएसईच्या शाळांत फ्रेंच विषय घेता येतो, आपल्या बारावीलाही घेता येतो. सीनियर कॉलेज आणि विद्यापीठासाठी ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते. नेटच्या विषयांत फ्रेंच आहे. एम.ए. साठी पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, शिवाय मुंबई विद्यापीठ आणि हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि विदेशी भाषांचं विद्यापीठ.

परकीय भाषा म्हणून फ्रेंच कशी शिकवावी, याचा वेगळा अभ्यासक्रमही आहे, त्याला दाएफ्ल म्हणतात. पॅरिसची आलियान्स फ्रान्सेज आणि फ्रान्सची दूरशिक्षण संस्था मिळून तो चालवतात, त्यामुळे बराचसा अभ्यास घरी बसून होतो.

शिकवायला शिका, आणि मराठी हाताशी ठेवा

माझा सगळ्यात जास्त जीव यात आहे. फ्रेंच येणं वेगळं आणि समोरच्या मुलाला ती यायला लावणं वेगळं. कोल्हापूरच्या मुलांकडे फ्रेंचसाठी लागणारं बरंच काही आधीपासून असतं. ते कुठं दडलंय हे शिक्षकाला माहीत हवं.

फ्रेंच आकडेच घ्या. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९७ म्हणजे चार-वीस-सतरा. पहिली दोन वर्षं मी हे नुसतं घोकून घेतलं. पोरं कंटाळली, चुकतही राहिली. मग गडहिंग्लजकडची एक मुलगी वर्गात म्हणाली, "मॅडम, आमची आजी अंडी अशीच मोजती. चार विसा आन् सतरा." सगळा वर्ग सरसावून बसला. तेव्हापासून आकड्यांचा धडा मी विसांपासूनच काढते. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, तेही त्याच दिवशी सांगून टाकते.)

लिंगाचं तसंच. खुर्चीला लिंग असतं याचं मराठी मुलाला नवल वाटत नाही. ती खुर्ची, ला शेझ, दोन्हीकडे स्त्रीलिंगी. पण चंद्र आपल्याकडे 'तो' आणि फ्रेंचमध्ये ला ल्यून, म्हणजे 'ती'. अशा उलट्या शब्दांची यादी करा आणि प्रत्येक नाम आर्टिकलसकट, म्हणजे आधीच्या 'ला'सारख्या शब्दासकट, पाठ करून घ्या.

आपल्याकडच्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात. पुण्यात त्यांना यावरून चिडवतात. फ्रेंचमध्ये मात्र 'मी गेलो' आणि 'मी गेले' कानाला सारखंच लागतं, फरक फक्त लिहिताना पडतो, स्त्रीलिंगी रूपाला शेवटी एक जादा 'ई' अक्षर लागतं. "बोलताना कोल्हापूर, लिहिताना पुणे" असं मी सांगते, आणि ते कुणी विसरत नाही.

'त्यू' आणि 'वू' शिकवायला तर पाच मिनिटं पुरतात, कारण तू आणि तुम्ही घरातच आहे. एक मात्र बजावून सांगा: फ्रेंच मुलं वडिलांनाही 'त्यू' म्हणतात.

मराठीचा आधार उच्चारांत मात्र घेऊ नका. 'द्स्यू' म्हणजे वर आणि 'द्सू' म्हणजे खाली. या दोन शब्दांत फरक आहे तो एका स्वराचा, आणि पहिल्या शब्दातल्या त्या स्वराला देवनागरीत अक्षरच नाही. मुलाला लांब 'ई' म्हणायला सांगा, जीभ जागेवर ठेवायला सांगा आणि फक्त ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करायला सांगा. हातात छोटा आरसा द्या. वहीत देवनागरीत उच्चार लिहायची सवय पहिल्या आठवड्यातच मोडा, नाहीतर पोरगं वर्षभर तेच वाचत बसतं आणि कान तयार होत नाही.

पहिली बॅच

सहा-सात जणांपेक्षा जास्त घेऊ नका. दर तासाला प्रत्येकाच्या तोंडून किमान दहा वाक्यं निघाली पाहिजेत, आणि वीस जणांत ते होत नाही. चूक झाली की मध्येच तोडू नका. वाक्य संपू द्या, मग तेच बरोबर म्हणून दाखवा.

प्रवेश देताना प्रत्येकाला विचारा: फ्रेंच कशासाठी हवी आहे? कॅनडाला कायमचं जायचं म्हणून येणारे बरेच असतात. एक्सप्रेस एंट्री या कॅनडाच्या स्थलांतर योजनेसाठी डेल्फ चालत नाही, तिथं टेफ किंवा टीसीएफची कॅनडासाठीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यांचे निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. हे न सांगता कुणाची डेल्फची फी भरून घेतली, तर त्याचे पैसेही जातात आणि वर्षही. ए१ वर नोकरी मिळेल असंही कुणाला सांगू नका. बाप ऊसबिलाचे पैसे मोडून फी भरतो तेव्हा हे त्याला पहिल्याच दिवशी, फी घ्यायच्या आधी, नीट मराठीत समजावून सांगा.