कानबान बोर्ड लावला, तरी कामं पुढं सरकंनात? आधी लिमिट लावा

सीझनला लातूरच्या मोंढ्यात काट्यापुढं सोयाबीनच्या ट्रॅक्टरची रांग लागते बघा, मागून अजून दहा ट्रॅक्टर आणून लावले म्हणून काटा काही पळायला लागत नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये पण नेमकं हेच व्हायलंय.

कानबान म्हणजे जपानीत पाटी. टोयोटात ताईची ओनो यांनी हे बसवलं, पुढच्या माणसाला माल लागला की कार्ड मागं जायचं आणि तेवढाच माल बनायचा. सॉफ्टवेअरमध्ये डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका टीमसोबत हे सुरू केलं, आणि ती टीम बसायची हैदराबादला, म्हणजे आपल्या शेजारीच!

बोर्ड भिंतीवर काढा नाहीतर ट्रेलो ॲपवर, पण काम खरंच जसं चालतं तसेच रकाने पाडा. करायचं, डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, काम पुढं गेलं की ती पुढच्या रकान्यात सरकवायची. सायबानी फोनवर सांगितलेलं कामसुद्धा चिठ्ठीवर आलंच पाहिजे, नाहीतर बोर्ड खोटा पडतो.

आता खरी गोष्ट, लिमिट, म्हणजे एका रकान्यात एका वेळी जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या ठेवायच्या. आमच्या संभाजीनगरच्या टीममध्ये सहा जण, टेस्टर एकटी ताई, आणि तिच्या रकान्यात ११ चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या, खालच्या तर वाचता पण येईनात. आम्ही वर मार्करनं ३ लिहिलं. रकाना भरला की डेव्हलपरनं नवीन काम उचलायचंच नाही, उठून ताईशेजारी बसायचं, टेस्ट डेटा बनवून द्यायचा, बग लगेच मिटवायचा. पहिला आठवडा लई जड जातो, हात रिकामे दिसले की मॅनेजर अस्वस्थ होतात, पण मागं हटू नका.

हिशोब साधा आहे, लिटलचा नियम म्हणतात त्याला. हातात १२ कामं आणि आठवड्याला ४ संपत असतील तर एका कामाला सरासरी ३ आठवडे लागणार. संपायचा वेग तोच ठेवून हातातली ६ च ठेवली तर दीड आठवडा.

सकाळच्या मिटिंगला बोर्ड उजवीकडून वाचा, जे संपत आलंय ते आधी. अडकलेल्याला लाल ठिपका. अर्जंट काम एका वेळी एकच, दुसरं आलं तर पहिलं संपेपर्यंत थांबंल.

आणि प्रत्येक चिठ्ठीवर सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख टाका, दोन-तीन आठवड्यांनी त्या तारखा बघूनच लिमिट कमी-जास्त करा, अंदाजानं नको.