मांजराला लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर

बोका सारखा लिटर बॉक्समध्ये (वाळूसारखं लिटर भरलेल्या, शी-लघवीच्या खोक्यात) जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही पडत नाहीये? मग पुढचं नंतर वाचा, आधी त्याला पशुवैद्याकडे न्या, मध्यरात्र असली तरी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तिच्यात बारीक खडा किंवा चिकट गोळा अडकला की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ समजून वाट पाहण्यात बहुमोल वेळ जातो. पोट दाबून पाहू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

लघवी होतेय, पण थोडीथोडी, रक्ताळ किंवा भलत्याच जागी, तर सगळे आधी अँटिबायोटिक मागतात. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचितच सापडतो. बहुतेकदा असतो तो ताणामुळे उसळणारा मूत्राशयदाह. त्याचा झटका साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळतं! त्या दिवसांत गरज असते ती वेदनाशामकाची, तेही डॉक्टरांनी दिलेलंच. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. म्हाताऱ्या, मधुमेही किंवा मूत्रपिंड दुबळं झालेल्या मांजरांत मात्र संसर्ग खरोखर असू शकतो. तिथे सुईने थेट मूत्राशयातून घेतलेल्या लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) करून घ्या.

त्रास परत आला तर एक्स-रे किंवा सोनोग्राफीही हवी. खडे दिसले तर प्रकार महत्त्वाचा: स्ट्रुव्हाइट या क्षाराचे खडे खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतात; कॅल्शियम ऑक्सलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. म्हणून खड्याचा प्रकार कळल्याशिवाय मनाने ‘युरिनरी’ (लघवीच्या त्रासासाठीचं खास) खाणं सुरू करू नका.

रोजच्या काळजीत सगळ्यात जास्त फरक पाण्याने पडतो. कोरड्या खाण्यात जेमतेम १० टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या वर. ७ ते १० दिवसांत हळूहळू ओल्यावर आणा, त्यात चमचा-दोन चमचे कोमट पाणी कालवा. पाण्याची भांडी पसरट ठेवा, खाण्यापासून आणि लिटरपासून लांब. लिटरमध्ये बनणारे लघवीचे गोळे मोठे आणि फिकट होऊ लागले की उपाय लागू पडतोय.

लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट, बिनवासाच्या लिटरचा आणि रोज साफ केलेला. सगळे बॉक्स एकाच कोपऱ्यात ठेवलेत तर दांडगं मांजर एकट्याने ते अडवतं. लपायला उंच जागा द्या, जेवण-खेळाच्या वेळा पाळा. भलत्या जागी लघवी केली म्हणून ओरडू नका. भीतीने तोच दाह पुन्हा उसळतो.