संगणक हार्ड डिस्कवरून सुरू होत नाही? दुरुस्तीच्या घाईत या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानात सौद्यांच्या वेळेला संगणक चालू करावा आणि काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ अशी ओळ येऊन सगळे तिथेच अडावे, की दिवाणजी म्हणतात, ‘हार्ड डिस्क उडाली’, आणि दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणतो, ‘काळजी करू नका, फॉरमॅट मारून देतो’. यांतले पहिले निदान बहुतेक वेळा घाईचे असते आणि दुसरा उपाय अनेकदा फार महाग पडतो, कारण त्यातून संगणक तासाभरात सुरू होत असला, तरी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खरेदीदारांची येणी आणि मागच्या वर्षांचे हिशेब कायमचे जाऊ शकतात. संगणक सुरू करणे आणि त्यातील माहिती वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम आधी करावयाचे असते. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

डिस्क दिसते की नाही, हे न पाहताच निदान करणे

पडदा पूर्ण काळा असेल, कंपनीचे चिन्हसुद्धा उमटत नसेल आणि सीपीयू नुसता गुणगुणत असेल, तर दोष बहुधा रॅम, मदरबोर्ड किंवा एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या भागाचा) असतो. तेथे हार्ड डिस्कच्या मागे लागण्यात अर्थ नाही. चिन्ह येऊन गेल्यावर संगणक अडत असेल, तर मात्र सर्वांत आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन यादीत डिस्कचे नाव दिसते का, एवढेच पाहावे. सुटे भाग जुळवून घेतलेल्या संगणकात त्यासाठी चालू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ दाबत राहावी लागते; डेलमध्ये एफ२ आणि एचपीमध्ये एफ१० चालते. एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कच्या यादीत दिसत नाही, तिच्यासाठी बहुधा वेगळा रकाना असतो. तो न पाहता ‘एसएसडी डिटेक्टच होत नाही’ असे सांगणारे कारागीर कमी नाहीत.

नाव दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा सेटिंगचा, बूट फायलींचा (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा) किंवा विंडोजचा असतो. नाव दिसत नसेल, तर तो केबल, वीजपुरवठा, पोर्ट किंवा खुद्द डिस्क यांपैकी कशाचा तरी असतो. या एका पाहणीवर पुढची सगळी दिशा ठरते आणि तिला दोन मिनिटे पुरतात. तरीही ती टाळून थेट विंडोजचा पेनड्राइव्ह लावला जातो, हे मला आजवर समजलेले नाही.

त्याही आधी संगणकाला कोणता पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून ठेवली आहे का, हे पाहावे. बूट क्रमात यूएसबी वरच्या क्रमांकावर असेल, तर काही संगणक त्या पेनड्राइव्हवर विंडोज शोधत बसतात आणि ती न सापडल्याचा संदेश देतात. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू केला, की काम संपते.

केबल न तपासता नवी डिस्क आणणे

हळदीच्या सौद्यांच्या हंगामात यार्डातील दुकानांत सीपीयूचे झाकण उघडले, तर पंख्याच्या पात्यांवर आणि केबलींच्या खोबणीत पिवळ्या धुळीचा थर बसलेला दिसतो. साटाची डेटा केबल सात पिनांची आणि पॉवरची पंधरा पिनांची असते. त्यातही जुन्या डेटा केबलींना पकडून ठेवणारी धातूची क्लिप नसते, त्यामुळे झाडताना सीपीयू टेबलाखाली सरकवला, तरी ती केसभर बाहेर येते. बायोसमध्ये डिस्क एकदा दिसणे आणि एकदा न दिसणे हे अशा सैल केबलीचे नेहमीचे लक्षण होय. सीपीयूची वीज बंद करावी, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी, दोन्ही केबली दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात, आणि तेवढ्याने भागले नाही तर डेटा केबल बदलून व दुसऱ्या पोर्टवर लावून पाहावी.

डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रामने तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, वाचता आली, तर अंदाजाची गरज उरत नाही. त्यातील सी७ ही नोंद केबलीवरून जाताना बिघडलेल्या डेटाची असते. फक्त तीच वाढलेली असेल, तर संशय डिस्कपेक्षा केबलीवर घ्यावा. ०५, सी५ आणि सी६ यांपुढे रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्याहून मोठे आकडे असतील, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत चालला आहे आणि आता फक्त माहिती उतरवून घेण्यापुरताच तिचा वापर करावा.

सेल बदलला, पण सेटिंग पाहिले नाही

मदरबोर्डवर सीआर२०३२ या क्रमांकाचा तीन व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि बायोसचे सेटिंग मूळ पदावर येते. तारीख चुकल्यामुळे जीएसटीचे पोर्टल किंवा बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडेनासे होते, ही याची आगाऊ सूचना असते. पण त्या दिवशी लोक इंटरनेटला दोष देऊन गप्प बसतात. मग एखाद्या रात्री बराच वेळ लाईट जाते आणि सकाळी संगणक सुरू होत नाही.

येथे डिस्क, केबल आणि विंडोज तिन्ही धडधाकट असतात. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने एमबीआर (जुन्या विभाजन-तक्त्याच्या) डिस्कवर टाकलेली असते आणि मूळ पदावर आलेला बायोस फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीनेच सुरू होऊ पाहतो, किंवा याच्या उलट घडते. परिणामी डिस्क यादीत दिसते, पण तिच्यावरून काहीच सुरू होत नाही. साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआयवरून रेड किंवा आयडीईवर गेला, तर विंडोजचे चिन्ह येते आणि लगेच निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे उमटते. दोन्हींचा उपाय मोड पूर्वीसारखा करणे एवढाच आहे, आणि त्यासाठी पूर्वी काय होते हे ठाऊक असावे लागते. म्हणून संगणक नीट चालत असतानाच बायोसच्या बूट आणि साटा या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत बायोसमध्ये काही बदलण्यापूर्वी बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा विचार करावा. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि सिक्युअर बूट किंवा टीपीएम या बायोसमधील सुरक्षेच्या सेटिंगना हात लावला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की बहुधा ज्या खात्याने प्रथम लॉगिन केले त्या खात्यात साठवलेली असते. ते खाते दुकान सोडून गेलेल्या एखाद्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर त्याला आजच फोन करावा. की नसेल, तर कुठलाही कारागीर त्या डिस्कमधील माहिती वाचू शकत नाही.

जुनी डिस्क काढली आणि नवी एसएसडीही बंद पडली

गेल्या काही वर्षांत सांगली-मिरजेतील अनेक कार्यालयांनी संगणकाचा वेग वाढवण्यासाठी एसएसडी बसवून घेतली आणि जुनी हार्ड डिस्क डेटासाठी आतच राहू दिली. विंडोज टाकताना दोन्ही डिस्का जोडलेल्या असतील, तर एक विचित्र गोष्ट घडू शकते: विंडोज एसएसडीवर जाते, पण तिला सुरू करणारे ईएफआय विभाजन, जे साधारण १०० एमबीचे आणि एरवी नजरेला न दिसणारे असते, जुन्या हार्ड डिस्कवरच राहते. पुढे दोन-तीन वर्षांनी ती जुनी डिस्क मरते, किंवा आता तिची गरज नाही म्हणून कोणी काढून टाकते, आणि चांगल्या एसएसडीवरील चांगली विंडोज सुरू होईनाशी होते. असा संगणक समोर आला की एसएसडीच बाद ठरवून तिचे फॉरमॅट केले जाते.

जुनी डिस्क जिवंत असेल, तर ती पुन्हा जोडून पाहणे ही पहिली पायरी होय. ती नसेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जावे, एसएसडीवर ईएफआय विभाजनासाठी थोडी जागा काढावी, ते फॅट३२ मध्ये तयार करावे आणि बीसीडीबूट या कमांडने बूट फायली त्यावर नव्याने लिहाव्यात. येथे एक खाचखळगा आहे. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे नेहमीचा सी ड्राइव्ह तेथे डी म्हणून दिसतो. विंडोजचा फोल्डर नेमका कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणतीही कमांड देऊ नये. ज्यांना विभाजनाचे काम सवयीचे नाही, त्यांनी हे जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, मात्र बिघाड काय आहे हे त्याला आधी सांगावे.

याच्याच जवळची दुसरी गफलत म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही म्हणून तिला मृत ठरवणे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरची यादी रिकामीच राहते.

महागडे क्लिक

बिघडलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर विंडोज कधी कधी विचारते, की डिस्क वापरण्यापूर्वी तिचे फॉरमॅट करावयाचे का, किंवा डिस्क इनिशिअलाइज करावयाची का. दोन्ही वेळा उत्तर ‘कॅन्सल’ हेच द्यावे. हार्ड डिस्कचे क्विक फॉरमॅट झाले, तर त्या जागेवर काही नवे लिहिले जाईपर्यंत माहिती परत मिळण्याची आशा असते. एसएसडीच्या बाबतीत मात्र फॉरमॅट होताच विंडोज ट्रिम आज्ञा (ही जागा रिकामी समजून पुसावी, अशी सूचना) पाठवते आणि त्यानंतर सहसा काहीच हाती लागत नाही. ‘फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डी ला हात लावत नाही’ हे आश्वासनही तपासून घ्यावे, कारण टॅलीच्या डेटाचा फोल्डर, डेस्कटॉप आणि डाउनलोड हे तिन्ही बहुधा सी ड्राइव्हवरच असतात.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, चालवणे हीही अशीच निरुपद्रवी वाटणारी कृती आहे. स्मार्ट नोंदीत सी५ वाढलेला असताना ही तपासणी दुरुस्तीच्या /r पर्यायाने चालवली, तर ती मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा तासन्‌तास वाचत राहते, वर फाइलसिस्टिममध्ये बदलही करते, आणि सकाळी निम्मी वाचता येत असलेली डिस्क संध्याकाळी पूर्ण बंद पडलेली असते. अशा वेळी लिनक्सच्या लाइव्ह (डिस्कवर काही न टाकता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, डिस्क केवळ वाचनासाठी उघडावी आणि सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी उतरवून घ्यावेत. वाचन अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हे साधन चांगला भाग आधी उचलते आणि खराब जागांकडे नंतर वळते. चेकडिस्क चालवायचीच असेल, तर ती त्या प्रतीवर चालवावी.

टकटक आवाज आणि पुराचे पाणी

डिस्कमधून एका लयीत टकटक आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करावा आणि पुन्हा चालू करून पाहू नये. डिस्कला चापट मारणे, ती फ्रीजरमध्ये ठेवणे, झाकण उघडून आत पाहणे, हे उपाय अजूनही सांगितले जातात. वाचणारे हेड फिरत्या पाट्यापासून (माहिती साठवणाऱ्या तबकडीपासून) काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. साध्या खोलीत झाकण उघडले, तर त्या फटीपेक्षा हजारो पटींनी मोठा धुळीचा कण पाट्यावर बसतो. त्याच मॉडेलच्या डिस्कची सर्किट प्लेट बदलून टाकण्याचा उपायही आजच्या डिस्कांना सहसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी प्लेटवरील एका चिपमध्ये साठवलेली असते आणि ती चिप नव्या प्लेटवर हलवावी लागते.

सांगलीत पाण्याबद्दल वेगळे लिहावेच लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी दुकानांत व घरांत शिरले. अशा पुराचे पाणी ओसरले, की भिजलेले सीपीयू उन्हात वाळवून चालू करून पाहण्याचा मोह होतो. त्या एका प्रयत्नात डिस्क कायमची जाऊ शकते. हीलियम न भरलेल्या साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी व गाळ आत जातो. पाणी सुकले, की गाळ पाट्याला चिकटतो आणि हेड त्यावर घासते. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नये, हेअर ड्रायर लावू नये, तांदळात पुरू नये. ती ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून पुण्या-मुंबईकडील डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवावी. खर्च मोठा असतो, त्यामुळे माहिती खरोखर तेवढ्या मोलाची आहे का, हे आधी ठरवावे.

डिस्क दुरुस्तीला देताना पावतीवर तिचा सीरियल क्रमांक आणि ‘माहिती हवी आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले दुकानातील दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचत नाही. डिस्क वॉरंटीत असेल, तरी वॉरंटी डिस्कची असते, माहितीची नसते. कंपनी बदली डिस्क देते आणि जुनी ठेवून घेते, त्यामुळे जे वाचवायचे आहे ते ती डिस्क कुरिअरला देण्यापूर्वीच वाचवावे लागते.