हेवी बॅगवरचा पहिला महिना: आधी मनगट, मग जोर

पंचिंग बॅगसमोर प्रथमच उभा राहिलेला माणूस बहुधा एकच गोष्ट करतो, ती म्हणजे अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून तिला बडवणे. मीही तेच केले होते, आणि तेही बँडेज, म्हणजे ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, सैल बांधून. तिसऱ्याच दिवशी हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, मारताना उजवे मनगट मुरगळले आणि पुढचे दोन आठवडे दाराची कडी काढायलाही डावा हात वापरावा लागला. म्हणून नवशिक्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की पहिला महिनाभर निम्म्याच जोराने मारावे आणि सगळे लक्ष दोन गोष्टींवर ठेवावे: ठोसा लागताना मनगट सरळ आहे ना, आणि हात लगेच गालापाशी परत येतो आहे ना. बॅग उलट ठोसा मारत नाही, त्यामुळे हात खाली सोडल्याची शिक्षा तिच्याकडून कधीच मिळत नाही आणि चुकीची सवय नकळत अंगवळणी पडते.

बॅगचे वजन साधारणपणे आपल्या वजनाच्या निम्मे असावे. साठ किलोच्या माणसाला तीस किलोची बॅग पुरते. घरी बॅग भरणार असाल तर कापडाच्या चिंध्या वापराव्यात. नुसती वाळू भरल्यास ती हळूहळू तळाशी बसते, खालचा भाग दगडासारखा कठीण होतो आणि तिथे चुकून बसलेला ठोसा बोटांच्या हाडांना सोसत नाही. टांगण्यासाठी भक्कम तुळई किंवा स्लॅब हवा, कारण झुलणाऱ्या बॅगचा ताण तिच्या वजनापेक्षा जास्त पडतो. पीओपीच्या छतावर विसंबू नये.

बँडेज बांधण्याचा कंटाळा कोणीही करू नये. मोठ्या माणसाला साडेचार मीटरची पट्टी चांगली. बोटे पूर्ण फाकवून ठेवावीत, पट्टीच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवावा, पट्टी हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्यावी आणि मनगटाला तीन वेढे द्यावेत. मग तळहातावरून बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवर तीन वेढे, त्यानंतर एकेका बोटाच्या फटीतून पट्टी काढून पुन्हा मनगटाकडे, अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली सगळी पट्टी मनगटावर. आता मूठ वळून पाहावी. मूठ मिटल्यावर पट्टी घट्ट जाणवली पाहिजे आणि उघडल्यावर बोटांना मुंग्या येता कामा नयेत. मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधावी. त्यावर बारा किंवा चौदा औंसाचे ग्लोव्ह्ज घालावेत.

उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा, पायांत खांद्याइतके अंतर असावे, पण दोन्ही पाय एका रेषेत नसावेत. मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली. डावा हात पूर्ण लांबवल्यावर ग्लोव्ह बॅगला जेमतेम टेकेल, ते आपले अंतर.

पहिला आठवडा फक्त जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा. मारण्याआधी हात मागे खेचू नये. मूठ जाता जाता वळते, खांदा हनुवटीला झाकतो आणि हात गेला त्याच वाटेने परत येतो. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. तो बरोबर बसला की बॅगमधून कोरडा, तुटक आवाज येतो आणि ती जागच्या जागी थरथरते. बॅग दूर लोटली जाऊन झोके घेऊ लागली, तर आपण मारत नसून ढकलत आहोत हे ओळखावे.

दुसऱ्या आठवड्यात क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, घ्यावा. त्याची ताकद मागच्या पायाच्या चवड्यावरून निघते आणि कमरेतून वळत खांद्यात येते. नुसत्या दंडाच्या बळावर मारलेला क्रॉस दमवतो फार आणि लागतो कमी. हुक मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत राहू द्यावा, कारण मनगट दुमडण्याचा धोका त्यात सर्वाधिक असतो. कोपर काटकोनात ठेवून कमरेसकट वळावे.

सुरुवातीला दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती एवढेच पुरे. पुढे स्पर्धेसारख्या तीन मिनिटांच्या फेरीकडे जाता येते. दोन ठोशांच्या मध्ये उभे राहून बॅगकडे पाहत बसू नये, तिच्याभोवती सरकत राहावे. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास नाकातून झटक्यात सोडावा. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड, हे बंधन स्वतःवर घालावे.

खांदे आणि पाठ दुखणे स्वाभाविक आहे. परंतु करंगळीच्या गाठीमागे सूज आली, दाबल्यावर एकाच जागी कळ आली किंवा मूठ मिटताना करंगळी तिरकी वळू लागली, तर त्याच क्षणी सराव थांबवून एक्स-रे काढून घ्यावा. ते हाड मोडणे ही चुकीच्या ठोशाची नेहमीची दुखापत आहे आणि बर्फ लावून ती बरी होत नाही.