थिसिसमधल्या या चुका टाळा: किडनी, कल्चर आणि संमोहन

सिनॉप्सिसचा (थिसिसच्या आराखड्याचा) हंगाम आला की माझ्या टेबलावर फायलींची चळत लागते. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर, रेसिडेंट कुठलाही असो, विषय बहुतेक ठरलेले: सेप्सिसमधली (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावरची) किडनी, सर्पदंशातली किडनी, उंदरांवर जेंटामायसिन (किडनी बिघडवू शकणारं अँटिबायोटिक), आणि अलीकडे संमोहनाने वेदना कमी होतात का. विषय चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. स्टॅटिस्टिक्समधल्या चुकांचाही मला फार राग येत नाही, त्या बसून दुरुस्त करता येतात. पण सुई टोचताना, नळी धुताना, ड्रेसिंग सोडताना झालेली गडबड एकदा मास्टर चार्टमध्ये (सगळ्या पेशंटच्या आकड्यांच्या तक्त्यात) शिरली की कुठलंही सॉफ्टवेअर ती बाहेर काढू शकत नाही.

मूळचं क्रिएटिनिन कुठून आणलं?

केडिगोची (किडनीच्या आजारांचे निकष ठरवणाऱ्या जागतिक संस्थेची) २०१२ची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. ४८ तासांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो स्नायूंचा कचरा) ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा लघवी सहा तास ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली राहिली, की किडनीला तीव्र इजा. आता धारूर-केजकडची ऊसतोड करणारी बाई उलट्या-जुलाबाने ॲडमिट होते. वजन ३८ किलो. आल्या आल्या क्रिएटिनिन १.३, सलाइन लागल्यावर तिसऱ्या दिवशी ०.६. रेसिडेंटने १.३ हेच मूळचं धरलं आणि चार्टवर लिहिलं, 'इजा नाही'. अहो, ती इजा घेऊनच दारात आली होती! एवढ्याशा अंगावर स्नायू किती असणार? १.३ हा आकडा लॅबच्या छापील रेंजजवळ दिसतो म्हणून फसायचं नाही.

मी आधी जुनी फाइल मागतो. सिझेरियनची, पिशवीच्या ऑपरेशनची, कसली का असेना, घरी पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतातच. नातेवाइकाला म्हणायचं, फोटो काढून पाठव. नसेलच तर ॲडमिशनमधलं सगळ्यात कमी क्रिएटिनिन. तेही नसेल तर जीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) ७५ धरून एमडीआरडीचं, म्हणजे क्रिएटिनिनवरून जीएफआर काढायचं, सूत्र उलटं सोडवायचं. कुठल्या पेशंटसाठी काय धरलं याचा वेगळा कॉलम ठेवा. हा कॉलम भरायचा कंटाळा येणाऱ्याने किडनीचा विषय घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

जाता जाता: तुमची लॅब क्रिएटिनिन जाफेच्या (रंगावरून मोजायच्या) पद्धतीने करते की एन्झाइमने, हे विचारून ठेवा. जाफेत कीटोन असले की आकडा खोटा वाढतो आणि बिलिरुबिन खूप असलं की खोटा घटतो. डायबेटिक कीटोॲसिडोसिसचे आणि काविळीचे पेशंट एकाच चार्टमध्ये असतील तर बोलायलाच नको.

ब्लड कल्चर: माझा जुना राग

एका दवाखान्यातली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. सेप्सिसवरच्या थिसिसचा ड्राफ्ट हातात आला. निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह कल्चरमध्ये (रक्त बाटलीत ठेवून जंतू उगवायची तपासणी) कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस. निष्कर्षात लिहिलं होतं की आपल्या भागात सेप्सिसचं मुख्य कारण हाच जंतू, सबब व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक पहिल्या डोसपासून द्यावं. वाचून मी फाइल मिटली आणि रात्री वॉर्डात जाऊन बसलो.

अकराच्या सुमारास पेशंट आला. जेआर वनने (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने) स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला, ओल्या कातडीतच सुई घातली. शीर सापडेना. मग त्याच बोटाने पुन्हा चाचपलं, शेवटी सकाळपासून लावलेल्या इंट्राकॅथमधूनच (शिरेतल्या सलाइनच्या नळीतून) रक्त ओढलं. जेमतेम तीन मिली. तेवढं मोठ्या माणसाच्या बाटलीत सोडलं. लॅब बंद, म्हणून सिस्टरने बाटली फ्रिजमध्ये इन्सुलिनशेजारी नीट ठेवून दिली. तेवढ्यात पेशंटचा भाऊ म्हणाला, "सायेब, दोन इंजेक्शनं तर तालुक्यालाच दिलीत की. ही बघा चिठ्ठी." चिठ्ठीवर सेफ्ट्रायॲक्सोन.

एकाच बाटलीत इतकं सगळं! अँटिबायोटिक आधीच अंगात, म्हणून खरा जंतू उगवणार नाही. रक्त कमी, म्हणून उगवला तरी सापडणं कठीण. आणि कातडीवरचा जंतू, तोच कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ, मात्र हमखास हजर. थिसिसचा निष्कर्ष पेशंटच्या रक्तातून आलेलाच नव्हता, तो जेआरच्या घाईतून आला होता. आणि त्यावर सगळ्या जिल्ह्याला व्हॅन्कोमायसिन द्यायला निघाले होते.

माझी सवय सांगतो. आधी शीर शोधून ठेवायची, मग अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन अर्धा मिनिट चोळायचं आणि ते वाळेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. वाळल्यावर बोट लावायचं नाही. बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली. बाटली फ्रिजमध्ये कधीही नाही, लॅब उघडेपर्यंत बाहेरच ठेवायची. कल्चरची आणि पहिल्या अँटिबायोटिकची वेळ एकाच ओळीत लिहायची, तालुक्याच्या चिठ्ठीसकट. कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून धरायचं नाही. शॉकमधल्या पेशंटला ते तासाच्या आत गेलंच पाहिजे. दहा मिनिटं पुरतात, फक्त ती दहा मिनिटं कुणाला द्यायची नसतात.

कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ दोन सेटपैकी एकाच बाटलीत उगवला आणि अंगात सेंट्रल लाइन किंवा कृत्रिम झडप नसली, तर बहुतेक वेळा तो कातडीवरचाच.

सेप्सिसची व्याख्या २०१६ची घेतलीत तर शेवटपर्यंत तीच वापरा. सिनॉप्सिसमध्ये सोफा स्कोअर (अवयव किती बिघडले याचे गुण) आणि निकालात जुन्या व्याख्येतले ताप, नाडी आणि पांढऱ्या पेशी, हे चालत नाही.

सर्पदंशाच्या थिसिसवाल्यांसाठी: वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेच्या नव्या, कोरड्या नळीत करा. साबणाने धुतलेल्या नळीत रक्त गोठायला उशीर लागतो आणि साधा दंशही घोणशीचा (तिच्या विषाने रक्त गोठत नाही) ठरतो. प्लॅस्टिकची नळी नको. आणि पाचव्या मिनिटाला नळी तिरकी करून बघायची हौस आवरा.

उंदीर

प्राण्यांवरच्या प्रयोगात घाई वेगळ्या प्रकारे बाहेर येते. किडनीची रक्तवाहिनी चिमट्याने बंद करून पुन्हा सोडायची, हा नेहमीचा मॉडेल. यात उंदराचं अंग थंड पडलं तर किडनीला इजा कमी होते. सकाळच्या गारव्यात केलेले उंदीर कंट्रोल (औषध न दिलेले) आणि दुपारी केलेले औषधाचे, असं झालं तर तुम्ही औषध तपासत नाही, हवामान तपासताय. हीटिंग पॅड आणि गुदद्वारात तापमापकाची तार, दोन्ही हवंच. नर-माद्या मिसळू नका. या मॉडेलमध्ये नरांची किडनी जास्त बिघडते. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) बांधून भोक पाडायच्या सेप्सिस मॉडेलमध्ये किती लांबी बांधली यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून मोजपट्टी लावा, नजरेने नको. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे पॅथॉलॉजीवाल्याला सांगायचं नाही, हेही अजून सांगावं लागतं.

आणि सगळ्यात लाडकी पळवाट: औषध आधी द्यायचं, जेंटामायसिन नंतर. किडनी वाचते, स्लाइड सुंदर येतात, पेपर होतो. पण माणूस इजा झाल्यावर दवाखान्यात येतो, आधी नाही. निदान एक गट तरी इजेनंतर औषधाचा ठेवा. निकाल फिका येईल. येऊ द्या.

संमोहन: कंट्रोल गटाला काय दिलं?

संमोहनाची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. क्लोरोफॉर्म यायच्या आधी, १८४५ मध्ये, जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा सर्जन बंगालात हुगळीला मेस्मेरिझमवर (संमोहनाच्या जुन्या प्रकारावर) ऑपरेशनं करत होता. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एल्व्हिरा लँग यांच्या गटाचा अभ्यास आला. रक्तवाहिन्यांच्या आणि किडनीच्या सुईवाटे करायच्या प्रोसिजरमधले २४१ पेशंट. त्यात गट तीन होते, ही बघण्यासारखी गोष्ट. एकाला नेहमीची काळजी, एकाला नुसतं कुणीतरी शेजारी बसून ठरवून दिलेलं लक्ष, एकाला स्वसंमोहन. प्रोसिजर लांबली तशी पहिल्या दोन गटांची वेदना वाढत गेली, संमोहनवाल्यांची वाढली नाही. मधला गट नसता तर काहीच सिद्ध झालं नसतं.

आमच्याकडे मधला गट कुणालाच नको असतो. भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगवर एकाने असा थिसिस केला. शनिवार-रविवारची कार्यशाळा केलेला, उत्साही पोरगा. संमोहन गटात वेदना आठवरून तीनवर. मी ड्रेसिंग बघायला गेलो. संमोहनाच्या पेशंटला पडदा ओढलेला, पंखा लावलेला, डॉक्टर स्वतः वीस मिनिटं शेजारी. डॉक्टर बघतायत म्हणून सिस्टर जुनी गॉज सलाइनने भिजवून, थांबत थांबत सोडवत होत्या. पलीकडच्या खाटेवर कंट्रोल गटातली बाई. तिची गॉज कोरडीच ओढली. तिच्या किंकाळीचा आकडा चार्टवर आठ. मी त्याला म्हणालो, "बाळा, तू सलाइनचा अभ्यास केलास."

शिवाय संमोहन देणारा तोच, "आता किती दुखतंय ताई?" विचारणाराही तोच. इतकं गोड बोलणाऱ्या डॉक्टरला कोण नऊ सांगेल?

तोंडपाठ केलेला मजकूर तर इंग्रजीतून जसाच्या तसा उतरवलेला: तुम्ही समुद्रकिनारी आहात, लाटा येतायत, कोवळं ऊन अंगावर पडतंय. समोर पाथरीकडची, समुद्र कधी न पाहिलेली, स्टोव्हने भाजलेली बाई. तिच्या अंगावर ऊन! नंतर ती म्हणाली, "दादा, मला पाण्याचं लई भ्याव वाटलं."

आधी विचारा, कुठं बरं वाटतं. माहेरची ओसरी म्हणतील, बांधावरचा लिंब म्हणतील, वारीतली वाट म्हणतील. मजकूर त्यावर बांधा, त्यांच्या बोलीत. सगळ्यांना एकच ठराविक मजकूर द्यायचाच असेल तर निदान आपल्याकडच्या दहा जणांना ऐकवून पाहा. गॉज भिजवणं, पेनकिलरची वेळ, सिस्टर, पडदा, सगळं तिन्ही गटांत सारखं ठेवा. स्कोअर विचारायला गट माहीत नसलेला इंटर्न घ्या. वेदना किती आणि ती किती नकोशी वाटते, हे दोन प्रश्न वेगळे विचारा. संमोहनाचा परिणाम दुसऱ्यावर जास्त दिसू शकतो. मधेच ट्रॅमाडॉल किंवा केटामाइनसारखं वेदनाशामक द्यावं लागलं तर लिहा. 'संमोहित झाले नाहीत' म्हणून पेशंट गाळू नका. संमोहनक्षमता प्रत्येकाची वेगळी असते, ती सुरुवातीला मोजायची असते, निकाल बघून नाही.

सायकोसिसचा इतिहास असलेले आणि सेप्सिसने बरळणारे पेशंट या अभ्यासात घ्यायचेच नाहीत. बरळणारा माणूस संमती कसली देणार?

संमतीवर वेळ घालवा. भानामतीच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली माणसं आहेत ही. तुम्ही जागे असाल, सगळं ऐकू येईल, मधेच नको म्हणता येईल, हे पेशंटला आणि घरच्यांना दोघांना सांगा. बाई पेशंट असेल तर सिस्टर किंवा घरातली बाई जवळ हवीच, त्यात तडजोड नाही.

डेटा आधीच बिघडलाय?

थोडंफार सावरता येतं. कल्चरसाठी लॅबच्या रजिस्टरमधून बाटल्यांची संख्या आणि ट्रीटमेंट शीटवरून डोसची वेळ काढा, एका बाटलीतले कातडीचे जंतू वेगळे करा. क्रिएटिनिनला सगळ्यात कमी आकडा मूळचा धरून पुन्हा हिशेब करा आणि दोन्ही तक्ते छापा. संमोहनात मधला गट नसेल तर शीर्षकातून 'परिणामकारकता' काढून टाका, असं करणं आपल्या वॉर्डात जमतं का एवढंच विचारा. सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतली) नोंदणी मात्र पहिला पेशंट घेतल्यावर होत नाही. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत, मला फोन करून उपयोग नाही.

आणि मास्टर चार्ट पाठवण्याआधी पेशंटचं नाव आणि मोबाइल नंबर हे दोन कॉलम काढा. अजूनही ते तसेच व्हॉट्सॲपवर येतात.